कट्ट्यावर, सगळ्यांदेखत

"आत्या, तबकडी अडकली," चिमणी फोनवर म्हणाली, आणि आक्कांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"अडकली म्हणजे? चाचणीत तर छान फिरत होती."

"चाचणीत रिकामी होती. आज वर नाटकाचं अख्खं घर उभं केलंय, जिन्यासकट. पाव चक्कर फिरते आणि करकचून थांबते. संध्याकाळी पहिला प्रयोग, नाट्यगृहाचं उद्घाटन, आणि इथला व्यवस्थापक सावलीसारखा माझ्या मागे मागे फिरतोय."

"तू घाबरू नकोस. मी थोरल्याला जाऊन सांगते, तो काय म्हणतो ते धाकट्याला विचारते, आणि मग तुला..."

"आत्या, तेवढ्यात प्रेक्षक येऊन बसतील. मी कट्ट्यावर टाकते."

फोन ठेवला गेला. आक्का बशीतल्या चहाकडे बघत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कारखान्यातली एक वाईट बातमी त्यांना वगळून पुढे गेली होती.

या घराण्याचा धंदा रंगमंचाची यंत्रं बनवायचा. पडदे ओढणारी, माणसाला जमिनीतून वर आणणारी, आजच्या तबकडीसारखी अख्खा रंगमंच गोल फिरवणारी. खालच्या शेडमध्ये थोरले लोखंड कापत, समोरच्या इमारतीत जिना चढून गेलं की धाकटे नकाशे काढत, आणि मधल्या अंगणाला लागून असलेल्या खोलीत दोघांची मोठी बहीण आक्का बसत. वडील गेल्यापासून दोन्ही भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. बोलणं मात्र थांबलं नव्हतं. "त्याला सांग" असं म्हणून थोरले सुरू होत, आक्का अंगण ओलांडत, आणि वरून "त्याला सांग" घेऊन परत येत. चपला झिजल्या, गुडघे कुरकुरायला लागले, पण कारखाना चालला, वाढला, नावारूपाला आला. तो कसा चालतो हे बाहेरच्या कुणाला पटलं नसतं.

आक्कांचं कसब चालण्यात नव्हतं, गाळण्यात होतं. थोरले म्हणत, "त्या गाढवाला सांग, दांडा आखूड काढलाय." वर पोहोचेपर्यंत त्याचं होई, "दांडा जरा बघ रे एकदा." गेल्याच आठवड्यात धाकटे शांतपणे म्हणाले होते, "त्याला सांग, हे काम बिघडलं तर मी माझा हिस्सा घेऊन वेगळा होतो. कागद तयार आहेत." खाली येऊन आक्कांनी सांगितलं, "धाकटा म्हणतोय, हे काम अगदी चोख व्हायला हवं."

त्यामुळे आज काय पणाला लागलंय ते कारखान्यात दोघांनाच ठाऊक होतं. एक धाकटे, दुसऱ्या आक्का.

"पंतोजी!" त्यांनी हाक मारली. "इकडे ये, आणि तो तुझा कट्टा मला दाखव."

पंतोजी म्हणजे धाकट्यांचा मुलगा. कट्टा त्यानं आणि थोरल्यांच्या मुलीनं, चिमणीनं, मिळून आणला होता. कारखान्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर एकच जागा, तिथं कामाचं बोलायचं, फोटो टाकायचे, नकाशे ठेवायचे, आणि जे बोलाल ते सगळ्यांनी वाचायचं. तो लोकांना शिकवत शेडभर फिरायचा म्हणून त्याला हे नाव पडलं. आतापर्यंत कट्ट्यावर मुख्यतः भांडारातून रोज सकाळी फुलांची चित्रं येत, आणि दोन्ही मालक तिथं होते ते पंतोजीनं त्यांचे फोन हातातून काढून घेऊन नावं घातली म्हणून. आक्कांनी फोन द्यायला साफ नकार दिला होता. "मी आहे ना," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

आता त्यांनी चष्मा चढवला आणि पुतण्याच्या खांद्यावरून डोकावल्या.

*

नाट्यगृहाच्या पोटात, रंगमंचाच्या खाली, चिमणी गुडघ्यांवर रांगत होती. पुढे कारखान्याचे मिस्त्री बॅटरी धरून. डोक्यावर नाटकातलं घर, आणि त्या घरात कुणीतरी संवाद घोकत येरझाऱ्या घालत होतं.

तिनं तबकडी फिरते आणि अडकते त्याचं चित्रीकरण कट्ट्यावर टाकलं आणि खाली लिहिलं, "भार चढवल्यावर अडकतेय. कारण कळत नाही. ज्याला जे सुचेल ते सांगा." लिहिताना तिचं बोट क्षणभर थबकलं. मालकाची मुलगी कारण कळत नाही असं सगळ्या कारखान्यासमोर म्हणते, हे बाबांना आवडणार नव्हतं. तिनं पाठवून दिलं.

आणि फोन थरथरायला लागला तो थांबेचना.

वेल्डिंगवाल्यांनी विचारलं, सांधा तर उकलला नाही ना? मिस्त्रींनी बॅटरी मारून पाहिलं, सांधे ठणठणीत होते. वीजखात्यानं मोटार किती करंट ओढतेय ते विचारलं, तिनं वाचून टाकलं, उत्तर आलं, "मोटार निर्दोष आहे, तिला कुणीतरी मागे ओढतंय." रंगखात्यानं सुचवलं की रंग वाळून चिकटला असेल. त्यावर कुणीतरी हसरा चेहरा टाकला आणि रंगखातं रुसलं. चिमणीला हसू आवरेना. इतकी माणसं आपल्याबरोबर या अंधाऱ्या खोबणीत रांगतायत असं तिला वाटलं, आणि तिची भीती निम्मी झाली.

"मिस्त्री, बाबा लिहितायत," ती म्हणाली.

मिस्त्रींनी बॅटरी खाली केली. "थोरले? स्वतः?"

फोनच्या पडद्यावर खरंच थोरल्यांचं नाव उमटलं. "आवाज ऐकला. घासतंय ते कडेला. चाकं नाही घासत. धाकट्याला विचारा, भार किती धरला होता."

*

कट्टा म्हणजे काय हे थोरल्यांना अजून नीट उमगलं नव्हतं. त्यांच्या मते आक्का आता फोनमध्ये शिरल्या होत्या, एवढाच फरक. आपण इथं "त्याला विचारा" असं लिहिलं की कुणीतरी उठून जाईल आणि विचारेल.

आणि कमाल म्हणजे लोक उठलेही. लेथवरचा एक, भांडारातला एक, रंगखात्यातले दोघे, असे चौघे जण अंगण ओलांडून धावत जिना चढले आणि धापा टाकत धाकट्यांच्या दारात उभे राहिले. "साहेब, थोरले विचारतायत, भार किती धरला होता."

धाकट्यांच्या समोर फोन उघडा होता आणि त्यावर तेच वाक्य होतं. "मला वाचता येतं," ते म्हणाले. मग त्यांनीही फोन उचलून लिहिलं, "थोरल्यांना सांगा, भार नकाशात लिहिलेला आहे. नकाशा बघायची सवय असती तर दिसला असता."

चौघे परत जिना उतरायला लागले.

खाली शेडमध्ये थोरल्यांनी ते वाचलं आणि त्यांचे कान तापले. असं तोडून बोललेलं धाकट्याचं वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. आक्का आणायच्या ते निरोप कसे मऊ असत. ते मऊ निरोप ऐकून थोरल्यांना नेहमी वाटायचं, आपण त्याला इतकं वाट्टेल ते बोलतो आणि हा गडी मनावरच घेत नाही. मोठा शांत, मोठा घमेंडखोर. आज पहिल्यांदा तो चिडलेला दिसला, आणि का कोण जाणे, थोरल्यांना जरा बरं वाटलं.

त्यांनी लिहिलं, "सांगा त्याला, चाकांना नायलॉनची धाव चढवलीय, आवाज नको म्हणून. वजन आलं की नायलॉन दबतं. तबकडी खाली बसली आणि कडेच्या पट्टीला घासतेय. पट्टी खाली घे म्हणून मी आधीच सांगितलं होतं."

उत्तर पटकन आलं. "मला कुणी काही सांगितलं नाही. उलट मीच विचारलं होतं, चाकं किती दबतील. उत्तर आलं, चाकं बरी आहेत."

"मी आक्काला सांगितलं होतं," थोरल्यांनी लिहिलं आणि पाठवलं.

आतापर्यंत जो तो मध्ये तोंड घालत होता. आता रंगखातं नाही, भांडार नाही, कुणी नाही.

*

आक्कांनी पुतण्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काढून घेतला.

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. थोरले म्हणाले होते, "सांग त्या कागदी वाघाला, चाकं बदललीत. आणि तबकडी खाली बसणार, तो जसा खुर्चीत बसून बसून पसरलाय तशी, तेव्हा पट्टी खाली घे म्हणावं." त्या वर गेल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "चाकं बदललीत रे, आवाज अजिबात येणार नाही." पुढचं वाक्य सगळं टोमण्यानं लडबडलेलं होतं. त्यातून कामाचं तेवढं वेचून काढण्याऐवजी त्यांनी सबंध वाक्यच गाळून टाकलं होतं. आणि धाकटा म्हणाला होता, "विचार, वजनाखाली किती दबतील, त्याला हिशेब येत नसणारच म्हणा." त्यांनी खाली येऊन विचारलं होतं, "चाकं बरी आहेत ना रे?"

"आत्या," पंतोजी हळूच म्हणाला, "तुम्ही बसा जरा."

"बसून काय करू?" आक्का म्हणाल्या. दोघांना जोडून ठेवायचं म्हणून त्यांनी जे केलं, त्यानंच आज तबकडी अडकवली होती. आणि ती अडकलेली राहिली तर संध्याकाळी धाकटा कागद काढणार होता. जन्मभराचं चालणं असं उलटून अंगावर आलं होतं.

"मोठ्या काकांनी ते पुसलं बघा," पंतोजी म्हणाला. थोरल्यांचं वाक्य होतं तिथं आता ते काढून टाकल्याची खूण होती. उशीर झाला होता, सगळ्यांनी वाचलं होतं. पण पुसलं होतं.

मग खाली धाकट्यांचं नाव आलं.

"आक्काने मला सांगितलं होतं. मीच विसरलो."

आक्का बघतच राहिल्या.

*

थोरल्यांनी ते वाचलं तेव्हा ते लेथला टेकून उभे होते. त्यांनी पुन्हा वाचलं.

धाकटा विसरला? शाळेत कुणी कुठल्या बाकावर बसायचं ते त्याला आजही सांगता येतं. तो कधीच काही विसरत नाही, तीच तर त्याची खोड आहे. सगळ्या कारखान्यासमोर, ज्या माणसांना तो रोज चुका काढून दाखवतो त्यांच्यासमोर, तो स्वतःच्या अंगावर घेत होता. आक्कासाठी.

थोरल्यांनी मान वळवून खाकरून घेतलं, कारण शेडमधला प्रत्येक माणूस आपापल्या फोनवरून हळूच त्यांच्याकडे बघत होता.

मग त्यांनी लिहिलं. "असू दे. आता वर काय काय चढवलंय ते पाहून भार किती होतो, ते तू सांग."

पाठवल्यावर त्यांना कळलं की आपण काय लिहिलं. त्याला विचारा नाही, सांगा नाही. तू. लेथवरचा माणूस तोंड उघडं ठेवून उभा होता.

"बघतोस काय," थोरले त्याच्यावर खेकसले. "पत्रा काढ."

*

त्यानंतर कट्ट्यावर जी धांदल उडाली ती कारखान्यानं कधी पाहिली नव्हती.

धाकटे नुसते लिहीत सुटले. "चिमणे, जिना लाकडी की लोखंडी? छत आहे का? वर एका वेळी किती माणसं?" चिमणी वर धावली, नाटकवाल्यांना विचारलं, खाली धावली, लिहिलं. नायकाचा देह भारदस्त आहे हेही तिनं कळवून टाकलं. धाकट्यांनी आकडेमोड करून टाकली, "प्रत्येक चाकाच्या बैठकीखाली तीन मिलिमीटरचा पत्रा सरकवला की तबकडी पट्टीच्या वर उचलली जाईल. सेट उतरवायची गरज नाही. जॅक लावून एकेक चाक घ्या."

"तीन पुरणार नाही," थोरल्यांनी लिहिलं. "प्रयोगाचे दिवे पेटले की खाली तापतं. नायलॉन आणखी बसेल. चार घे."

थोरल्यांनी धाकट्यांचा आकडा खोडला होता, तोही उघड्यावर.

"तापण्याचं मी धरलं नव्हतं," उत्तर आलं. "चार. तुझं बरोबर आहे."

शेडमध्ये कुणीतरी हातोडा ऐरणीवर हाणला, नुसताच, आनंदानं. भांडारानं चार मिलिमीटरचा पत्रा शोधला, सापडल्याचा फोटो टाकला आणि सवयीनं शेजारी एक फूलही टाकलं. थोरल्यांनी स्वतः चकत्या कापल्या. गाडीवाल्यानं कुठला रस्ता मोकळा आहे ते विचारलं, तर त्याला इतक्या जणांनी इतके रस्ते सुचवले की शेवटी पंतोजीला दटावावं लागलं. गाडी सुटली. गाडी चौकात अडली. गाडी निघाली. चिमणी दारातच उभी होती, तिनं चकत्या गाडी थांबायच्या आत खिडकीतून ओढून घेतल्या.

मिस्त्री जॅक लावत, ती चकती सारत असे. प्रत्येक चाक झालं की ती एकच शब्द टाकायची, "झालं." आणि कारखाना आपला अंगठे दाखवत सुटायचा. वर नाट्यगृहात माणसं यायला लागली होती, खुर्च्यांचे आवाज खाली ऐकू येत होते. व्यवस्थापकानं खाली वाकून विचारलं, "फिरेल ना?"

"फिरवून बघायला आता वेळ कुठाय?" चिमणी म्हणाली. "थेट प्रयोगातच बघू."

तो माणूस घाम पुसत वर निघून गेला.

*

पडदा उघडला तेव्हा चिमणी विंगेतून फोनवर थेट चित्र दाखवत उभी होती आणि अंगणात अख्खा कारखाना जमला होता. कुणी घरी गेलं नव्हतं. थोरले शेडच्या दारात, धाकटे आपल्या जिन्याच्या वरच्या पायरीवर, आक्का खिडकीत. पंतोजीनं आपला फोन आक्कांच्या हातात दिला होता.

पहिला प्रवेश संपला. दिवे मंद झाले. घराच्या भिंती थरारल्या.

आणि घर फिरलं. अडखळलं नाही, कुरकुरलं नाही. नाटकातलं अंगण मागे गेलं, माजघर पुढे आलं, भारदस्त नायक जिन्यावर उभा होता तो तसाच हात कठड्यावर ठेवून फिरत आला. नाट्यगृहात टाळ्या पडल्या आणि इकडे अंगणात माणसं एकमेकांच्या पाठी बडवायला लागली. रंगखात्यानं वेल्डिंगवाल्यांना मिठी मारली.

आक्कांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांनी त्या पुसल्या नाहीत. "पंतोजी," त्या म्हणाल्या, "यावर लिहायचं कसं?"

"तुम्ही सांगा, मी लिहितो."

"नको. मधला माणूस नको."

त्यांना बराच वेळ लागला. पण शेवटी कट्ट्यावर आलं.

"मी आक्का. धाकटा खोटं बोलला. मी त्याला सांगितलंच नव्हतं. थोरल्याच्या बोलण्यात टोमणा होता म्हणून अर्धं गाळलं. धाकट्याचंही गाळलं. तबकडी माझ्यामुळे अडकली. आणि हे आजचं नाही. एकमेकांना दिलेली तुमची एकही शिवी मी पोहोचवलेली नाही. कधीच."

अंगणातला गलका हळूहळू थांबला. जो तो आपल्या हातातल्या फोनकडे बघत होता.

"एकही?" थोरल्यांनी लिहिलं.

"एकही नाही."

"बाबा गेले त्या दिवशीचंही?"

"तेही नाही. तू जे सांगायला लावलंस आणि त्यानं जे, दोन्ही माझ्याजवळच राहिलं."

थोरले शेडच्या दारात तसेच उभे राहिले. त्या दिवशी ते जे बोलले होते, ते बोलून झाल्यावर त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं, याच लाजेपोटी त्यांनी इतकी वर्षं तो जिना टाळला होता. राग कधीच विरला होता. लाज तेवढी उरली होती. आणि धाकट्यानं ते ऐकलंच नव्हतं.

"काय म्हणाला होतास रे?" धाकट्यांनी विचारलं. लिहून नाही. वरच्या पायरीवरून, तोंडानं.

सगळ्यांच्या माना आधी वर गेल्या, मग खाली.

"आजपासून मला भाऊ नाही, असं म्हणालो होतो," थोरले म्हणाले.

धाकटे एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, "मी त्याहून वाईट म्हणालो होतो. वर ये, सांगतो."

थोरल्यांनी हात पायजम्याला पुसले आणि अंगण ओलांडलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसांनी नुसती वाट करून दिली. जिन्यावरची ती दोन माणसं आत गेली, दार लोटलं गेलं, आणि बराच वेळ आतून नुसती कुजबुज ऐकू येत राहिली. आक्का खिडकीत उभ्या होत्या.

मग एकदम आवाज चढले.

"वेगळा होणार होतास? तू? आणि चाकं कोण करून देणार होतं तुला?"

"तुझ्या चाकांनीच तर गाडं अडवलं होतं!"

"माझ्या चाकांनी? तापण्याचं कोण धरायला विसरलं?"

"आत्या, जाऊ का वर?" पंतोजी घाबरून म्हणाला. "फार जोरात चाललंय."

आक्कांनी त्याचा हात धरून ठेवला. एकही शब्द गाळला जात नव्हता. दोघे भांडत होते, लहानपणी पतंगावरून भांडायचे अगदी तसे, आणि आक्का मध्ये पडल्या नाहीत.